दांडीवरची होडी

(दृश्य: मालवण, दांडीचा किनारा. मे महिन्याची अखेर, पहाट. ओंडक्यांवरून वर ओढली जाणारी लाकडी होडी.)

ही होडी ओढायला बारा माणसं लागतात. आज नऊच आलीयत, म्हणून शेजारच्या घरातून दोन पोरं हाक मारून आणली आणि बारावे आमचे कॅमेरावाले दादा, कॅमेरा वाळूत ठेवून तेही दोरीला लागले, म्हणून हा शॉट थोडा तिरका दिसतोय.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. त्याआधी सगळ्या होड्या वर येतात, माडाच्या झापांनी शाकारल्या जातात. ही होडी मात्र यंदा वर आली ती परत पाण्यात जायची नाही. हे त्या बारा जणांना माहीत होतं, तरी ओढताना "हैसा" तेवढ्याच जोरात निघाला.

(दृश्य: होडीचा तळ, क्लोजअप. मेस्त्रींचा हात.)

होडी ज्यांची त्यांना इथे सगळे काका म्हणतात, त्याआधी ती त्यांच्या वडलांची. गाबीत समाजातलं हे घर, तीन पिढ्या बांगड्याची जाळी मारणारं. आजोबांकडे आंब्याच्या खोडातून कोरलेली उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेली, होडी होती, मग वडलांनी ही फळ्यांची बांधून घेतली, त्यावर आधी शीड, मग इंजिन.

मेस्त्री काय करतायत बघा. हातोडीने फळीवर टकटक करत पुढे जातायत. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, सडलेलं लाकूड ठप्प करून गप्प बसतं. इथे... आणि इथे. अंगठा दाबला तर नखाएवढा खड्डा पडला. "ह्या लाकूड गेला," एवढंच म्हणाले ते.

असली होडी बांधायची म्हणजे पहिला तिचा पठाण, म्हणजे कणा, तो एका अखंड लाकडाचा हवा. मग आतली वाकडी लाकडं, होडीच्या बरगड्याच म्हणा, ती सरळ लाकूड कापून वाकडी करत नाहीत, मेस्त्री रानात फिरून मुळातच तशी वाकलेली फांदी शोधतात, कारण झाडाने स्वतः घेतलेलं वळण लाटेच्या मारात तुटत नाही. मेस्त्रींच्या वडलांना म्हणे झाडाकडे बघूनच कळायचं की ही फांदी होडीच्या कुठल्या जागेची. नंतर फळ्या, फळ्यांमधल्या फटीत कापूस. तो कापूस मांडीवर वळून त्याची वात करायची आणि बोथट छिन्नीने ठोकून ठोकून आत बसवायची, वरून राळ आणि तेल. हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी होडी वर घ्यायची, तळाची शिंपलं खरवडायची, वात बदलायची, तेल पाजायचं. तेल पाजायचं असंच म्हणतात इथे, जसं घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

आम्ही हे सगळं मेस्त्रींकडून मुद्दाम पुन्हा करून घेतलं, एका फटीपुरतं, कारण उद्या कुणाला बघायचं म्हटलं तर कुठे बघणार. पूर्वी ह्या किनाऱ्यावर असे मेस्त्री बरेच होते. आता हे दारं-खिडक्या करतात, बोलावलं तर होडीलाही येतात.

(दृश्य: समुद्र, रात्र. दूरवर दिव्यांची ओळ.)

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा ही होडी शेजारच्या होडीवर आदळली आणि दोन बरगड्या तडकल्या. पट्टी मारून चार मोसम चालवली. पण एकट्या वादळाने ती म्हातारी केली नाही. किनाऱ्याजवळ पूर्वीसारखा बांगडा मिळत नाही, आत जावं लागतं, आणि आत जायचं तर जड होडीला पेट्रोल फार लागतं. समोर दिसतायत ते दिवे बघा. माशांना उजेडाकडे ओढणारे असे एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 साली बंदी घातलीय. हे फुटेज आमचं आहे, ह्याच वर्षीचं.

(दृश्य: पाऊस. टेम्पोवरून उतरवली जाणारी फायबरची होडी.)

ही देवगडकडून आली. नवी कोरी नाही, आधीच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, काही मोसम वापरलेली, त्याला मोठी बोट घ्यायची होती. व्यवहार असा की काकांचं जुनं इंजिन, जुनी होडी आणि वर रोख, बदल्यात ही फायबर आणि 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. बोलणी घरात झाली, कॅमेरा बाहेर होता.

मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी बदलायला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. पण उरलेला हिस्सा स्वतःच उभा करायचा असतो, म्हणून काकांनी ही जुन्यात नवी घेतली. त्यातही सोसायटीचं कर्ज आहेच.

उतरवायला सहा माणसं पुरली. काकांचा मुलगा टेम्पोत उभा राहून ओरडतोय, "बाबानू, हळू, घासात!" आणि काका बोटांनी टकटक करतायत, सवय ती. फायबरचा आवाज सगळीकडे सारखाच येतो.

फायबर हलकी, वेगाने जाते, कापूस नको, तेल नको. लाटेत मात्र ती उडते, लाकडाची बसून राहते, हे इथला कुणीही सांगेल. आणि फायबर मोडली की तिचं काय करायचं, ती कुजत नाही, जाळताही येत नाही.

(दृश्य: तारकर्ली, रिसॉर्टचं गार्डन. हिरवळीवर ठेवलेली लाकडी होडी, आत फुलझाडं.)

(इथे निवेदन नाही. दहा सेकंद.)

(दृश्य: 1 ऑगस्ट, पहाट. नव्या होडीला हार, नारळ, गुलाल.)

नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नोंदणीचा नंबर रंगवून झालाय, आयएनडी एमएच पासून पुढे सगळा. नाव मात्र जुन्या होडीचंच ठेवलंय, पेंटरने त्याच वळणाने काढलंय, त्याला जुना फोटो दाखवला होता. काकींनी ओवाळलं, नारळ फुटला, होडी पाण्यात.

आता काकांच्या पायाशी बघा, डाव्या बाजूला. तेलाचा पाच लिटरचा डबा अर्धा कापून केलेला, पाणी उपसायचा. लाकडी होडीत फळ्यांतून थोडं पाणी यायचंच, जाळं मारता मारता एक हात त्या डब्यावर असायचा. फायबरमध्ये पाझर नाही. तरी तो डबा त्यांनी जुन्या होडीतून आणलाय, दोरीने बांधलाय, आणि मुलगा हसला तेव्हा म्हणाले, "पाऊस इलो तर पाणी साचतलाच ना."