हरिश्चंद्रगड : तीन खोऱ्यांचा डोंगर

(ड्रोन दृश्य : तारामती शिखर, खाली ढग)

आषाढात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर पडलेलं पाणी तीन दिशांना पांगतं. उत्तरेचं पाणी मंगळगंगेतून पायथ्याच्या पाचनई गावाकडे उतरतं, मुळेला मिळतं आणि प्रवरेतून गोदावरीत जातं. पायथ्याच्याच खिरेश्वर गावाच्या अंगाचं पाणी पिंपळगाव जोगा धरणात साठतं. तिथून कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेत. या दोन्ही पाण्यांना समुद्र गाठायला हजार किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. पश्चिमेचं पाणी मात्र कोकणकड्यावरून थेट खाली पडतं. ते काळू नदीतून उल्हास नदीला आणि कल्याणच्या पुढे खाडीला मिळतं. शे-सव्वाशे किलोमीटरमध्ये कारभार आटोपला.

गडाचा आकार या हिशेबातच आहे. उतार जितका उभा, तितकं पाणी दगड जोरात कापतं. पूर्वेच्या नद्या निवांत. कोकणातल्या आखूड नद्या मात्र डोंगराचा पाया सतत उकरत राहतात. पाया सुटला की वरचा कातळ कोसळतो आणि कडा पूर्वेला सरकतो. म्हणून पाचनईकडून गड चढणीचा डोंगर वाटतो आणि कोकणातल्या बेलपाडा गावातून पाहिला तर उभी भिंत.

(जवळून दृश्य : कातळाचा पोत)

हा सगळा दगड बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक थिजत गेले, त्याचे हे थर. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळे. काहींत वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली आणि त्यांत पुढे पांढरी खनिजं भरली. हे भोकांचे थर आधी झिजतात, घट्ट थर पुढे लोंबत राहतात. पाचनईच्या वाटेवर कातळ डोक्यावर छपरासारखा आलेला दिसतो, तो असाच. पावसाळ्यात त्या छपराच्या आतून चालायचं आणि धबधबा बाहेरच्या बाजूला पडत राहतो. अशा ठिकाणी थांबून फोटो काढत बसणं शहाणपणाचं नाही. भिजलेल्या थरातून दगड सुटतात.

(दृश्य : कोकणकडा, दरीतून वर येणारे ढग)

आता कोकणकडा. कडा सरळ तर नाहीच, मध्यभागी आत वळलेला आहे. समुद्रावरून आलेला वारा या अर्धगोलात अडकतो आणि वर उसळतो. पावसाळ्यात कड्यावरून निघालेली पाण्याची धार कधी कधी खाली पोहोचतच नाही, तुषार होऊन माथ्यावर परत येते. फेकलेली टोपी परत येते, हा खेळ सगळ्यांना माहीत असतो. माहीत नसतं ते हे, की वारा एकसारखा वाहत नाही. समोरून जोर येतो म्हणून माणूस नकळत पुढे झुकतो, वारा एकदम पडतो आणि तोल जातो. काठावर मातीचा थर वीतभरही नाही. गवत धरलं तर मुळासकट हातात येतं. दरीत डोकवायचं असेल तर पालथं झोपून, आणि मागे कुणीतरी पाय धरलेले हवेत.

इथूनच इंद्रवज्र दिसतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी या कड्यावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याची नोंद १८३५ साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : समोर दरीत ढग, पाठीमागे ऊन, आणि आपण दोघांच्या मधे. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळचीच वेळ बरी. सूर्य पश्चिमेला कलला की तो समोर येतो आणि संधी गेली. ढगातले बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेला परत पाठवतात, म्हणून रंगीत वलयाच्या मध्यभागी आपलीच सावली असते. शेजारी उभ्या माणसाला त्याच्या सावलीभोवतीचं वलय दिसतं. भर पावसात ढग असतात पण ऊन नसतं. त्यामुळे पावसाळा सरतानाचे दिवस अधिक आशेचे.

त्याच दिवसांत उतारांवर सोनकी पिवळी होते. कारवीचं तसं नाही. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, जांभळी-निळी, सगळी एकदम, आणि बी धरून वाळून जाते. वाळलेल्या काठ्यांवर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. झाडीत शेकरू दिसतं. बहुधा आधी आवाजच ऐकू येतो.

(दृश्य : केदारेश्वर गुहा)

केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं गार पाणी, मध्ये भलंमोठं शिवलिंग, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत.

वाटांबद्दल. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दीड-दोन तासांची. खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे तीन-चार तास लागतात. खिंडीनंतर कातळटप्पा येतो, तिथे आधाराला रेलिंग आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. माथ्यावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंत एकामागून एक टेकड्या ओलांडाव्या लागतात आणि धुक्यात सगळ्या सारख्याच दिसतात. गुरांच्या वाटा मुख्य वाटेला फुटतात, माणसं तिथेच चुकतात. धुकं उतरलं की शेवटची ओळखीची खूण सोडू नये. थांबावं, किंवा मागे फिरावं. गावातला वाटाड्या घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

बेलपाड्याहून नळीची वाट कोकणकड्याच्या कुशीतून चढते. आठ-दहा तासांची घळ, सुट्या दगडांची. वरच्या टप्प्यांवर दोर लागतो. दोघांनी एकाखाली एक चालायचं नाही, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या अंगावरच येणार. हेल्मेट हवंच. पावसाळ्यात ही घळ म्हणजे पाण्याचा मार्ग, तेव्हा ती वर्ज्य. थंडीत जावं, पहाटे निघावं, आणि पाणी खालूनच भरून न्यावं. कड्यावर आग्या मोहोळं असतात : घळीत धूर करू नये, अंगाला अत्तर लावून येऊ नये.