१६६ गाउसची वेस

पडद्यावर दिसतोय तो रुबिडियमचा पुंजका. अणू असतील दहा-पंधरा हजार. तापमान निरपेक्ष शून्याच्या इतकं जवळ, की ते अंशाच्या अब्जांश भागांत मोजायचं. एवढ्या थंडीत हे सगळे अणू मिळून एकाच लाटेसारखे वागतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या गणितातून निघालेली ही अवस्था प्रत्यक्ष दिसली १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या बोल्डरला.

आता पुंजक्याभोवतीच्या वेटोळ्यांतली वीज किंचित कमी-जास्त करू.

प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. दोन अणू सुटे असताना जोडीचं चुंबकत्व एक, चिकटून रेणू झाला की वेगळं. त्यामुळे वेटोळ्यांनी बनवलेलं बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की दोन्ही अवस्थांच्या ऊर्जा कमी-अधिक सरकतात, आणि एका ठिकाणी जुळतात. हा फेशबाख अनुनाद. हर्मन फेशबाख यांनी हे गणित मांडलं होतं अणुकेंद्रकांसाठी. कामी आलं ते असं भलतीकडेच.

रुबिडियम-८५ मध्ये ही जुळणी १५५ गाउसच्या आसपास होते (गाउस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). त्याच्या थोडं वर अणू एकमेकांना ढकलतात. १६६ गाउसच्या सुमारास ते एकमेकांची दखलच घेत नाहीत. आणि ही वेस ओलांडली, की ओढू लागतात. तेच अणू, तोच सापळा!

२००१ मध्ये बोल्डरच्याच जिला संस्थेत कार्ल वायमन आणि एरिक कॉर्नेल यांच्या गटानं ही वेस झटक्यात ओलांडली. पुंजका आक्रसू लागला. काही मिलिसेकंद एकही अणू कमी झाला नाही. मग एकदम स्फोट. अणू बाहेर फेकले गेले, मागे उरला छोटासा गाभा. सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, त्यावरून नाव पडलं ‘बोसेनोव्हा’. नाव भारदस्त, पण हा स्फोट इतका मवाळ की उडालेले अणूसुद्धा अतिथंडच होते. हिशेब मात्र जुळेना: जवळजवळ निम्मे अणू ना गाभ्यात सापडले, ना उडालेल्यांत. त्यांचे रेणू झाले असावेत, ही एक शक्यता.

झटक्याऐवजी क्षेत्र हळूहळू सरकवलं तर? २००३ मध्ये त्याच संस्थेत डेबोरा जिन यांच्या गटानं पोटॅशियम-४० वर हेच केलं. स्फोट नाही, गडबड नाही. अणू दोन-दोन करून रेणू झाले. क्षेत्र उलट फिरवलं, आणि जोड्या सुटून अणू परत मोजणीत आले.