‘जुनं मराठी बोअर होतं’ असं मुलं का म्हणतात?

नमस्कार मंडळी!

आठवी ते बारावीच्या मुलांना विचारून बघा, जुनं मराठी साहित्य वाचता का? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही विचारा. पहिलं उत्तर ठरलेलं: ‘बोअर होतं.’ आपण लगेच मोबाइलच्या नावाने बोटं मोडतो. मला ते पटत नाही. या मुलांची तक्रार पुस्तकापेक्षा ते हातात कसं पडतं, याबद्दल जास्त आहे.

दहावीचं मराठी बघा. कविता संपली की खाली ‘आकृतिबंध पूर्ण करा’. मधे चौकट, चार बाण, चार उत्तरं. मग रसग्रहण. आणि वाईट याचं वाटतं, की ‘स्वमत’ नावाचा प्रश्नसुद्धा मुलं गाइडमधून पाठ करतात. स्वतःचं मत, तेही पाठ! मग गोडी लागणार कशी?

आता बहिणाबाई घ्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या. ती इतरांनी लिहून ठेवली, म्हणून उरली. 1951 साली त्या गेल्या, पुस्तक आलं 1952 मध्ये. म्हणजे ही कविता मुळात तोंडी. ती मोठ्याने म्हणायची असते, आणि ऐकायची असते. यावल, रावेर, भुसावळकडे कितीतरी घरांत आजी आजही तीच लेवा बोली बोलते. पण पोरगं वर्गात तसं बोललं की आपण दटावतो, ‘नीट बोल!’ आणि त्याच बोलीतली कविता पुस्तकात आली की त्याला शब्दार्थ पाठ करायला लावतो. मुलांनो, गाइड बाजूला ठेवा आणि आजीला एक कविता वाचून दाखवा. कुठे चुकलात ते ती सांगेल, आणि अडलेला शब्दही सोडवेल.

‘हे सगळं म्हाताऱ्यांचं’ असंही मुलं म्हणतात. धरणगावचे बालकवी 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभे राहिले, तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 ला आली, तेव्हा ते पंचविशीत होते. खान्देशातून पुण्याला शिकायला गेलेला पोरगा, होस्टेल, मेस, घरून येणारे पैसे. अकरावी-बारावीनंतर क्लाससाठी पुणे गाठणाऱ्यांनो, हे तुमचंच आहे. आठवीत मात्र हातात घेऊ नका, थोडं थांबा.

आणि ‘श्यामची आई’? अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मुली विचारतात, ‘सगळं आईनेच का सोसायचं?’ मुलं म्हणतात, ‘श्याम फार रडतो.’ यावर कृपा करून रागावू नका. पुस्तक वाचल्याशिवाय असा प्रश्न पडतच नाही. त्यात एकेका रात्री एकेक गोष्ट सांगितली आहे. मग घरीही तसंच करा. रोज रात्री एकच गोष्ट वाचा, आणि झोपण्याआधी त्यावर भांडा.

शिक्षकांना एक विनंती. तासाची शेवटची दहा मिनिटं वह्या बंद ठेवा आणि ‘आवडलं नाही’ म्हणणाऱ्याला आधी बोलू द्या.

आणि मुलांनो, तुम्ही अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं? कुठल्या पानावर सोडलंत, का सोडलंत, खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत मी तीच पानं उघडून बसणार आहे.