चाळिशी, खुर्ची आणि साठीनंतरचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांमधून गेली वीस-बावीस वर्षं मी डोळे तपासत फिरते आहे. शिबिराला येणाऱ्या बऱ्याच आज्यांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे अक्षरांचा तक्ता धरून उपयोग नसतो. मी एका ताटलीत मूठभर तांदूळ घेते, त्यात दोन-तीन खडे टाकते आणि म्हणते, "आजी, एवढे निवडून द्या."

मागच्या वर्षी एका आजींनी ती ताटली हलकेच बाजूला सारली. "आता नाय गो होत माझ्याच्यान. सुनेनं पण सांगितलंन, राहू दे." त्या सत्तरीला टेकलेल्या. मी त्यांना तपासणीची फ्रेम चढवली, अडीच नंबरची भिंगं घातली आणि ताटली पुन्हा मांडीवर ठेवली. बोटं फिरली. एक खडा निघाला, दुसरा निघाला. तिसरा, चौथा. मी तीनच टाकले होते, चौथा रेशनच्या तांदळातला होता. मग आजी मान वर न करता तांदूळ निवडतच राहिल्या आणि मागची रांग खोळंबली.

"राहू दे." हे दोन शब्द घरोघरी मायेनं बोलले जातात. राहू दे बाबा, तुम्हाला नाही जमायचं. राहू दे आई, वय झालं आता. आज मला या "वय झालं"बद्दल बोलायचं आहे. माझ्या पाहण्यात तरी, साठीनंतर माणसाच्या हातून काम सुटतं ते पुष्कळदा वयामुळे नाही. शरीर थोडं बदललेलं असतं आणि काम मात्र पंचविशीतल्या माणसाच्या मापानंच मांडलेलं राहतं.

डोळ्यांचंच बघा. आपल्या मराठीत जवळच्या चष्म्याला नावच मुळी "चाळिशी". म्हणजे आपल्या आजा-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं, आणि चाळिशीच्या सुमाराला जवळचं धूसर दिसू लागतं. हा रोग नव्हे, प्रत्येकाला होणारा बदल आहे. पण चष्मा हा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा, अशी समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की भात लावणाऱ्या, जाळं विणणाऱ्या, काजू सोलणाऱ्या बाईला चाळिशी लागते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आसामच्या चहामळ्यांत यावर एक फार सुंदर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चाळिशी ओलांडलेले ७५१ कामगार घेतले. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चहाची पानं खुडणं म्हणजे नजरेचं काम, दोन पानं आणि एक कळी नेमकी पकडायची. हंगाम भरात असल्यामुळे दोन्ही गटांची खुडणी वाढली, पण चष्मेवाल्यांची दिवसाकाठी सुमारे ५ किलो जास्त वाढली, म्हणजे जवळपास २२ टक्के. आणि पन्नाशीच्या पुढच्यांत हा फरक ३० टक्क्यांच्या वर गेला! माणसं तीच, मळा तोच, हातही तेच. बदलला तो एक स्वस्तातला चष्मा.

आता आपल्या कोकणाकडे वळते. आमच्या गावांतली तरणी माणसं मुंबईला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात. शेत कोण करतं? साठीचे, पासष्टीचे आई-वडील. नांगरणीला पॉवर टिलर आला, लावणी-कापणी मात्र बऱ्याच ठिकाणी अजून कमरेतून वाकूनच होते. दिवसभर वाकून झालं की या बाया उभ्या राहतात कशा, ते कधी जवळून पाहा. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग थांबणं, मग कंबर सरळ करताना डोळे मिटून घेणं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं वैभव विळा काढला, दातेरी पात्याचा, हलका. त्याला झटका कमी द्यावा लागतो, मनगट दमत नाही आणि सारखी धार काढत बसावं लागत नाही. काही घरांत हा विळा आहे, पण मी पाहिलं ते असं की तो तरुण मजुराच्या हातात जातो आणि म्हातारी आपल्या जुन्या विळ्यानंच कापत राहते. का? तर तिनं कधी मागितला नाही.

हे झालं डोळ्यांचं आणि हातापायांचं. डोक्याचं काय? "साठी बुद्धी नाठी" म्हणून आपण मोकळे होतो. मला ही म्हण मुळीच आवडत नाही. १९८४ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी टायपिंग करणारी माणसं तपासली, १९ वर्षांपासून ७२ वर्षांपर्यंतची. बोटांची नुसती चपळाई मोजली तेव्हा वयस्कर मागे पडले. प्रत्यक्ष मजकूर टाइप करायला दिला तेव्हा मात्र ते तरुणांच्या बरोबरीनं चालले. याचं कारण असं की अनुभवी टंकलेखकाची नजर कागदावर बरीच पुढची अक्षरं आधीच टिपत असते, म्हणून बोटांना घाई करावी लागत नाही. आपल्याकडचा जुना तांडेलही हेच करतो. दोर ओढायला त्याला वेळ लागेल, पण वारा फिरणार हे त्याला आधी कळलेलं असतं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फिनलंडमध्ये १९८१ साली नगरपालिकांमधल्या कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला आणि १९९२ पर्यंत चालला. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायांपासून शिक्षकांपर्यंत सगळे त्यात होते. त्यांना विचारलेला एक प्रश्न अगदी साधा आहे. तुमच्या आयुष्यातल्या ऐन भरातल्या काळाला १० गुण दिले, तर आज स्वतःच्या कामाला किती द्याल? अकरा वर्षांत काहींची काम करण्याची ताकद घसरली, पण काहींची वाढलीसुद्धा. वाढली ती कुणाची? जे व्यायाम करू लागले त्यांची, ज्यांचं तेच ते एका साच्यातलं हातकाम कमी झालं त्यांची, आणि ज्यांचा वरिष्ठ त्यांच्याशी पूर्वीपेक्षा बरं वागू लागला त्यांची. घसरली ती ज्यांना जास्त उभं राहावं लागू लागलं त्यांची आणि ज्यांना कामात मान मिळेनासा झाला त्यांची.

हे वाचलं तेव्हा मला माझे चुलते आठवले. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे मुंबईत एका इमारतीवर ते वॉचमन झाले, बारा-बारा तासांची पाळी. फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती. बसला की झोपतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ती खुर्ची काढून घेतली गेली. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. संध्याकाळी पायांना सूज यायची, चपलेचा अंगठा तुटायचा. गावी आले की सुजेबद्दल चकार शब्द काढत नसत. "खुर्ची काढून घेतलीनी," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत.

केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या कापडदुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या बायांनी बसायला मिळावं म्हणून चळवळ केली. २०१८ साली तिथल्या सरकारनं दुकानांच्या कायद्यात तो हक्क घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही घातला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला याचं मला वाईट वाटतं, पण झाला हे फार चांगलं झालं.

एक मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे. काम करता येणं वेगळं आणि काम करावं लागणं वेगळं. चुलत्यांना हौस नव्हती. कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. निराधार वृद्धांना आपल्या राज्यात १५०० रुपये मिळतात आणि त्यात ऐंशीच्या आतल्या माणसामागे केंद्राचा वाटा २०० रुपयांचा. एवढ्यात औषधं तरी येतात का? त्यामुळे मी जेव्हा म्हणते की म्हाताऱ्या माणसांना काम करता येतं, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना कामाला जुंपा असा कुणी काढू नये. ज्यांना थांबायचं आहे त्यांना सुखानं थांबता आलं पाहिजे. ज्यांना करायचं आहे, त्यांच्या हातातलं काम आपण "राहू दे" म्हणून काढून घेऊ नये.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक विनंती. डोळे तपासायला येताना आपलं काम पिशवीत घालून आणा. विळा आणा, सुई-दोरा आणा, टोपलीच्या काड्या आणा. मध्यंतरी एक सुतारकाका आले. चष्मा त्यांच्याकडे होता, पण घरी फळीवर पडून होता, "घातला की काम फिरल्यासारखं दिसतं" म्हणाले. मी त्यांना दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन बोलावलं. बाकावर फळी ठेवून ते रंधा मारायला लागले आणि मी टेपनं त्यांच्या डोळ्यापासून फळीपर्यंतचं अंतर मोजलं. सव्वादोन फूट भरलं. कुणीतरी त्यांना हातात पुस्तक धरण्याच्या अंतराचा नंबर काढून दिला होता. आम्ही सव्वादोन फुटांचा काढला. पेन्सिलीची रेघ दिसते का, असं विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही, रंधा खाली ठेवून सरळ करवतच मागितली.

नमस्कार.