भातुकली उलट बोलत नाही

(दादरच्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, ऐकून लिहून काढलेलं, थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. विषय असा दिलाय की 'द सिम्स'सारखे गेम, ज्यात पडद्यावरच्या माणसांचं घर आणि संसार आपण चालवतो, ते म्हणजे कॉम्प्युटरवरची भातुकलीच, की त्यात आणखी काही आहे. आधी हे सांगते की भातुकलीला मी कमी समजत नाही, पितळेची बोळकी, चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या पाण्याची आमटी, त्यात आम्ही अख्ख्या सुट्ट्या काढल्यात. पण भातुकली उलट बोलत नाही. तुम्ही म्हणालात भात शिजला की शिजला, बाहुली झोपली म्हटलं की झोपली, नियम सगळे आपल्याच डोक्यात. गेममध्ये नियम दुसऱ्याच कुणीतरी आधीच लिहून ठेवलेत आणि ते आपल्याला पटतीलच असं नाही. खोलपणा जो काही आहे तो मला तिथे सापडला, त्या नियमांशी भांडताना.

'द सिम्स' करणारे विल राइट, १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या आगीत त्यांचं घर जळालं, मग संसार परत उभा करताना आपल्याला नक्की काय काय लागतं हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. गेम आला २००० साली. कामाच्या काळात त्याला 'डॉलहाउस'च म्हणायचे, म्हणजे आजचा प्रश्न जुनाच आहे. त्यात प्रत्येक माणसाच्या आठ गरजा, भूक, आराम, स्वच्छता, संडास, झोप, करमणूक, माणसांची सोबत आणि आठवी म्हणजे खोली कशी आहे ते. वस्तूच माणसाला बोलावतात, फ्रिज म्हणतो मी भूक भागवतो, पलंग म्हणतो मी झोप देतो, आणि जी वस्तू जवळ तिची हाक मोठी ऐकू येते.

आता माझं सांगते. २००१ च्या सुमारास मामेभावाच्या कॉम्प्युटरवर मी आमची लालबागची चाळ बांधायला घेतली. पहिल्याच पायरीला अडले, एका प्लॉटवर एकच कुटुंब, जास्तीत जास्त आठ माणसं. शेजारी म्हणजे दुसऱ्या प्लॉटवरचा, घरी येऊन बेल वाजवणारा. मग मी चार खोल्यांचा अख्खा मजलाच एक कुटुंब म्हणून टाकला. आणि झालं काय, कुणीही कुणाच्याही फ्रिजमधून खायला लागलं, कारण हाक जवळच्या फ्रिजची, कोण कुठल्या खोलीतला हे कुणी बघतच नव्हतं! आमच्याकडे तसंच तर होतं, मी काकूंकडे जेवून घरी यायचे तेव्हा आई विचारायची सुद्धा नाही. गेमला चाळ माहीत नव्हती तरी निघाली चाळच.

पण ती आठवी गरज, खोलीची, सतत लाल रंगात, म्हणजे न भागलेली. खोली लहान, उजेड कमी, वस्तू स्वस्तातल्या, म्हणून माणसं दुःखी. हे मला तेव्हा फार लागलं. म्हणजे हा गेम म्हणतोय की दहा बाय बारात राहणारा माणूस सुखी असूच शकत नाही, जोपर्यंत तो चांगला सोफा घेत नाही. आणि गेममधल्या नोकरीचं बघा, रोज सकाळी पेपर उघडला की त्यात नोकरी असतेच, गाडी दारात येते न्यायला, सलग दोन दिवस दांडी मारली तर मात्र काढून टाकतात. म्हणजे बेकार झालात तर चूक तुमची. १९८२ च्या संपानंतर माझ्या वडिलांची गिरणी परत सुरू झालीच नाही, त्यांनी कधी एक खाडा केला नव्हता. अख्ख्या गल्लीची नोकरी एकदम जाते असं काही त्या गेमला ठाऊकच नाही. भातुकली खेळताना हे माझ्या मनात आलं नसतं, कारण भातुकलीत असं ठामपणे म्हणणारं कुणी नसतं.

उथळ आहे ते पण सांगते. बोलणं. सिम्लिश नावाच्या बनावट भाषेत बडबड करतात, डोक्यावर चित्रं येतात आणि मैत्रीचा आकडा वर खाली होतो, बास. कोण काय बोललं याला तिथे किंमतच नाही. आणि पैशाचं चीट, म्हणजे फुकट पैसे देणारा चोरटा कोड, टाकलंत की टंचाई संपली, मग उरते ती फक्त सजावट.

नियम बदलतात हे मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. २००४ च्या सिम्स २ मध्ये माणसं म्हातारी व्हायला लागली, मुलं आईबापांसारखी दिसायला लागली. २०२० मध्ये सिम्स ४ साठी लहान घरांचा एक वेगळा पॅक, म्हणजे गेमला जोडायची भर, आला आणि त्यात उलटंच, घर जेवढं छोटं तेवढे फायदे जास्त, गेममधल्या जमिनीच्या बत्तीस चौकोनांच्या आतल्या घराला सगळ्यात जास्त. पहिल्या गेममध्ये ज्यामुळे माणूस दुःखी त्याचंच इथे बक्षीस. तिकडे लहान घर हौसेनं घेणारे लोक निघाले म्हणून. बीडीडी चाळीतल्या एकशेसाठ फुटांत चार जणांचा संसार केलेल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला हौस आहे का.

एक राहिलं, मोरीचं. माझ्या त्या चाळीत मी खोलीच्या कोपऱ्यात उघडाच शॉवर लावला होता, आणि आंघोळ करणारा प्रत्येक जण बाकीच्यांना हातवारे करून बाहेर हाकलायचा, मी वैतागले होते की गेम बिघडला. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं बरोबर करतायत ती, मी मोरीत गेले की तुझे बाबा बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचे ना. तुझ्या माणसांना उभं राहायला जागाच कुठे दिलीयस?" मग मी चारही खोल्यांसमोरून दोन चौकोन रुंदीची गॅलरी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाला हाकललं, तो दार उघडून तिथे गेला, शेजारच्या खोलीतला पण आला, आणि दोघं बराच वेळ बोलत उभे होते.