अंगठ्यांची बादली

श्रोतेहो, नमस्कार.

एक साधी बादली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात लग्नाच्या अंगठ्या आहेत, मेलेल्या माणसांच्या बोटांतून काढलेल्या. प्रेतं इतकी भाजली आहेत की चेहऱ्यावरून कुणाला ओळखायची सोय राहिलेली नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचायची आणि कोण गेलं ते ठरवायचं. आपल्याकडे अशी वेळ आली तर बादलीत मंगळसूत्रं असतील, एवढाच फरक.

'द वॉर गेम' नावाच्या एका ब्रिटिश चित्रपटातलं हे दृश्य. पाऊण तासाहून थोडा मोठा, कृष्णधवल चित्रपट. काही वर्षांपूर्वी मी तो काही तरुण मुलामुलींना दाखवला. संपल्यावर दिवे लावले, तरी बराच वेळ कुणी खुर्चीतून उठलं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका मुलानं अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, हे कधी झालं?"

हे कधीच झालं नाही. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अणुबॉम्ब पडला, रॉचेस्टर शहरात आगीचं वादळ उठलं, पोलिसांनी वाचण्याची आशा नसलेल्या जखमींना गोळ्या घातल्या, यातलं काहीही घडलेलं नाही. चित्रपटाचा निवेदकही कुठे लपवाछपवी करत नाही. असं घडू शकेल, अशी परिस्थिती आली तर असं होईल, असंच तो सांगत राहतो. पण कान 'होईल' ऐकतात आणि डोळे 'झालं' पाहतात. पडद्यावर धावणारी बाई आत्ता धावते आहे, रडणारं मूल आत्ता रडतं आहे. भाषेला भविष्यकाळ असतो, तो कॅमेऱ्याला नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि या चित्रपटाच्या वाट्याला पुढे जे आलं त्याचंही.

दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स. १९६५ साली हे चित्रण केलं तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. त्याआधी बीबीसीसाठी त्यानं स्कॉटलंडमधल्या, १७४६ सालच्या कलोडनच्या लढाईवर चित्रपट केला होता. जणू त्या रणांगणावर टीव्हीचा बातमीदार हजर आहे आणि चिखलात उभ्या शिपायांच्या मुलाखती घेतो आहे, अशी त्याची रचना होती. डिसेंबर १९६४ मध्ये तो दाखवला गेला आणि त्याचं कौतुक झालं. शिपाई दोनशे वर्षांपूर्वी मेलेले होते, त्यामुळे कुणाला अडचण नव्हती.

दुसऱ्या वेळी त्यानं तीच रीत उद्याच्या युद्धाला लावली. नट घेतले नाहीत. केंटमधलीच साधी माणसं गोळा केली, आणि अशी माणसं कॅमेऱ्यासमोर अडखळतात, नजर चुकवतात, वाक्य अर्धवट सोडतात. ते अडखळणंच आपल्याला खरं वाटतं. कॅमेरा खांद्यावर घेतलेला, गर्दीत धक्के खाणारा. आगीचं वादळ कसं उठतं, माणसं श्वास कोंडून कशी मरतात, हे दिग्दर्शकानं मनानं रचलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी होरपळलेल्या ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग, हिरोशिमा, नागासाकी या शहरांत जे नोंदवलं गेलं होतं, ते त्यानं केंटमध्ये आणून ठेवलं. ती अंगठ्यांची बादलीसुद्धा ड्रेस्डेनची. म्हणून कुणी या चित्रपटाला खोटा माहितीपट म्हणतं तेव्हा मी थोडा थांबतो. जागा खोटी, तारीख खोटी, माणसं सोंग घेतलेली. पण प्रत्येक जखम कुणाला तरी आधीच झालेली होती.

एक प्रसंग सांगतो. सकाळची वेळ. घराबाहेर एक लहान मुलगा आहे. स्फोट कित्येक मैल दूर झाला आहे, ढग दिसत नाही, ज्वाळा दिसत नाही. पडदा एकदम पांढराफटक होतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, फिल्मची निगेटिव्ह पाहावी तसं. मुलगा डोळे धरून किंचाळतो. निवेदक शांतपणे सांगतो की इतक्या अंतरावरही वर पाहणाऱ्या डोळ्याचं बुबुळ वितळू शकतं. मोठी माणसं त्याला उचलून घरात पळतात, टेबलाखाली शिरतात. आणि मग काही सेकंदांनी हादरा येतो. आवाज उजेडाच्या मागून येतो, हे आपण शाळेत विजेच्या कडकडाटावरून शिकलो आहोत. तेच शास्त्र इथे त्या घरावर कोसळतं.

मला मात्र त्याहून जास्त बोचतं ते बॉम्बच्या आधीचं एक दृश्य. शहरांतून हलवलेल्या बायका-मुलांना गावातल्या घरांत जागा द्यायची आहे. दारात उभी असलेली एक गृहिणी विचारते, येणारी माणसं गोरी नाहीत का? कुठे बॉम्ब पडायचा आहे, आणि बाईची चिंता ही! हे लिहिणाऱ्याला माणसं ठाऊक होती.

आता पुढे काय झालं ते ऐका. चित्रपट बीबीसीनं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या प्रेक्षकांसाठी केलेला. सप्टेंबर १९६५ मध्ये तो आधी दाखवला गेला तो सरकारातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. बीबीसीचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक पूर्वी स्वतः मंत्रिमंडळाचे सचिव होते. त्यांनी आपल्या जागी आलेल्या सचिवांना पत्र लिहून कळवलं होतं की हा चित्रपट टीव्हीवर दाखवला तर अण्वस्त्रांच्या धोरणाबद्दल लोकांच्या मनावर लक्षणीय परिणाम होऊ शकेल. नोव्हेंबरच्या अखेरीस बीबीसीनं जाहीर केलं की चित्रपट प्रसारित होणार नाही. लोकांना सांगितलेलं कारण वेगळं होतं: प्रसारणाच्या माध्यमासाठी हा फार भयंकर आहे. घरात एकटी म्हातारी माणसं असतात, मुलं असतात, त्यांना हे झेपणार नाही, असा युक्तिवाद होता.

त्या काळजीला मी उडवून लावत नाही. थिएटरात माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून जातो, शेजारी चार लोक असतात. टीव्ही आणि रेडिओ न विचारता घरात शिरतात. मी स्वतः या क्षणी तुमच्या घरात आहे, तुम्ही भाजी निवडत असाल, कुणी आजारी माणूस उशाशी रेडिओ ठेवून पडला असेल. बोलणाऱ्यानं याचं भान ठेवलंच पाहिजे. पण ज्या म्हातारीला हे झेपणार नाही असं ठरवलं, तिच्याच करातून तो बॉम्ब बनत होता आणि तिच्याच मतावर ते सरकार उभं होतं. तिला पूर्वसूचना देऊन, रात्री उशिरा दाखवता आलं असतं. तिला विचारलंच नाही, याचं मला दुःख आहे.

आणि पन्नास वर्षं मागे जा. १९१६ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई चालू असतानाच, त्या लढाईचा चित्रपट ब्रिटनभर लागला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली असा अंदाज आहे. लोक आपला मुलगा, आपला नवरा दिसतो का ते पाहायला जात होते. त्यातलं बरंचसं चित्रण खरं. पण शिपाई खंदकातून वर चढतात आणि एक जण गोळी लागून मागे घसरतो, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी रचून घेतलेलं होतं. तेव्हा मरण पाहणं लोकांना झेपलं, कारण ते पाहून लोक युद्धाच्या मागे उभे राहतील अशी अपेक्षा होती.

'द वॉर गेम' फेब्रुवारी १९६६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला. समीक्षकांत फूट पडली. काही वृत्तपत्रांनी बीबीसीचा निर्णय योग्य ठरवला, हा अण्वस्त्रविरोधकांचा प्रचार आहे असं म्हटलं. समीक्षक केनेथ टायननला तो आजवरचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट असू शकेल असं वाटलं. मग सिनेमागृहांत, सभागृहांत, चर्चच्या हॉलमध्ये तो फिरत राहिला. १९६७ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि तेही सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं. वॉटकिन्स तोवर बीबीसी सोडून गेला होता.

आपली गोष्ट थोडी वेगळी आहे. सिनेमाच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील लागायची, तिचा तो धीरगंभीर आवाज ऐकत आमची पिढी वाढली. त्या आवाजात पूर आला की पूर आला, धरण झालं की धरण झालं. शंका घ्यायची असते हे कुणी शिकवलं नाही. वॉटकिन्सचा निवेदक ऐकताना मला तोच आवाज आठवला, आणि त्याबरोबर भारत-पाक युद्धाचा, १९७१ चा डिसेंबर. मुंबईतलं आमचं दोन खोल्यांचं घर. आई खळीनं खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवत होती. खाली गल्लीत कुणीतरी ओरडत फिरायचं, "लाइट बंद करा!" आम्हा मुलांना ती मजा वाटायची. आईचा हात मात्र कागदावरून पुन्हा पुन्हा फिरत होता, कुठे फट राहिली आहे का ते पाहत. चित्रपटात केंटमधली माणसं घराशी वाळूची पोती रचतात तेव्हा मी आईचा तो हात पाहतो.

चित्रपटाच्या शेवटी केंटच्याच डोव्हर गावातला नाताळ आहे. निर्वासितांच्या छावणीत, भाजलेल्या, आईबाप गेलेल्या मुलांना विचारलं जातं, मोठं होऊन कोण होणार? एक मुलगा सांगतो की त्याला कुणीच व्हायचं नाही. दुसराही तेच म्हणतो.

बीबीसीनं हा चित्रपट अखेर टीव्हीवर दाखवला तो ३१ जुलै १९८५ रोजी, हिरोशिमाला चाळीस वर्षं पूर्ण होण्याच्या आठवडाभर आधी. मधे वीस वर्षं गेली होती. कॅमेऱ्यासमोर 'कुणीच व्हायचं नाही' म्हणणारी ती केंटची मुलं तोवर तिशीला आली होती.

नमस्कार.