राखणीचं कुत्रं आणि बंद गोठा

मंडळी, दहा-वीस शेळ्या पाळणारा माणूस आधी विचारतो, "कोणत्या जातीचं कुत्रं घेऊ?" त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, तुमच्या शेळ्यांवर येतं कोण? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या येतो. बारामती, दौंड, इंदापूरच्या माळावर लांडगा येतो. आणि पुणे शहराच्या कडेला येतात मोकाट कुत्र्यांची टोळकी, तीही भरदिवसा. तिन्ही ठिकाणी कुत्र्याचं काम वेगळं आहे.

लांडगा आणि मोकाट कुत्री यांच्यापुढे चांगलं राखणीचं कुत्रं खरोखर उपयोगी पडतं. लांडगा चोरपावलांनी येतो. आपण दिसलो, भुंकणं सुरू झालं, माणूस उठला, की तो बहुधा काढता पाय घेतो. म्हणजे कुत्र्याने मारामारी जिंकायची नसते, आडवं उभं राहून वेळ काढायचा असतो. त्यासाठी दोन कुत्री हवीत. एक पुढे जाऊन भुंकतं, दुसरं कळपाजवळ थांबतं. एकटं कुत्रं पुढे धावलं की मागून कळप उघडा पडतो.

बिबट्याचं गणित मात्र उलटं आहे. बिबट्याला कुत्रं हे भक्ष्य वाटतं. जुन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा 11 टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होत्या, तरीही. यातून मी एवढंच घेतो, की रात्री कोंडलेली शेळी वाचते आणि बाहेर राहिलेलं कुत्रं जातं. म्हणून बिबट्याच्या पट्ट्यात कुत्रं रात्री दाराशी साखळीला बांधणं म्हणजे त्याला आमिष म्हणून ठेवणं आहे. कृपा करून हे करू नका. तिथे कुत्र्याची जागा जाळीच्या आत, शेळ्यांच्या शेजारच्या कप्प्यात. ते आतून भुंकेल, तुम्ही दिवा लावाल. गोठ्याला चारी बाजूंनी चेनलिंक जाळी हवी आणि वरूनही हवी, कारण बिबट्या भिंत सहज चढतो. खाली जाळी काँक्रीटमध्ये गाडा, दाराला आतबाहेर हलणार नाही अशी कडी लावा. नुसत्या चार पत्र्यांच्या आडोशावर भिस्त ठेवू नका.

आता जातीकडे येऊ. कारवान किंवा मुधोळ ही नजरेने सावज हेरून पाठलाग करणारी शिकारी कुत्री. पळणारं करडू दिसलं की त्यांची मूळ वृत्ती जागी होते. जर्मन शेफर्डची पैदास कळप वळवण्यासाठी झाली, कळपात राहण्यासाठी नाही. परदेशी दाट केसांची राखणीची कुत्री आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकत सावलीला पडून राहतात. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरची कुत्री आहेतच. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांना कळपासोबत काम करताना बघा. कागदापेक्षा ते पाहणं मोलाचं.

पिल्लू आणायचं आठव्या आठवड्यात. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू आपली माणसं कोण, आपलं घर कोणतं हे मनात पक्कं करतं. त्या दिवसांत ते स्वयंपाकघरात वाढलं तर घर राखेल, गोठा नाही. म्हणून दहा बाय दहा फुटांचा कप्पा करा आणि तीन-चार शांत करडांसोबत त्याला ठेवा. मारकी शेळी तिथे नको. धडका खाल्लेलं पिल्लू शेळ्यांना भितं, नाहीतर पुढे त्यांच्यावर डूख धरतं. कोपऱ्यात एक फळी अशी लावा, की तिच्याखालून पिल्लू जाईल पण करडू जाणार नाही. त्याचं अन्नपाणी तिकडेच ठेवा. शेळ्यांनी कुत्र्याची भाकरी भरपेट खाल्ली तर त्यांच्या पोटात आम्ल वाढून जिवावर बेततं.

माणसाळू द्यायचंच नाही, असा समज चुकीचा आहे. रोज दोनदा, पाच-दहा मिनिटं त्याला हात लावा. पाय उचला, तोंड उघडा, पट्टा घाला, साखळीने चालवा. नाहीतर मोठं झाल्यावर त्याला लस टोचणंही अवघड होईल.

सहा महिने ते दीड वर्ष हा सगळ्यात बिकट काळ, आणि बहुतेक जण इथेच कुत्रं काढून टाकतात. अंगाने मोठं, डोक्याने पोर. करडांमागे पळणं, कान ओढणं, शेपटी चावणं. हा खेळ असतो, पण त्यातही करडू मरतं. तुम्ही नसाल तेव्हा त्याला करडांपासून वेगळं ठेवा, एखाद्या ताकदवान बोकडासोबत ठेवलं तर तो त्याला मर्यादा शिकवतो. खोड करताना तिथल्या तिथे दटावा. दहा मिनिटांनी मारून त्याला काहीच कळत नाही. आपण ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतो ना, तसंच पट्ट्याला छोट्या साखळीने लाकडाचा दांडका गुडघ्याच्या उंचीवर लोंबता ठेवा. चालता येतं, पळता येत नाही. झुडपात चरायला जाताना मात्र ते काढा, अडकून फास बसतो. दीड-दोन वर्षांनी कुत्रं भरवशाचं होतं, त्याआधी नाही.

शेळ्या वितात तेव्हा नवख्या कुत्र्याला दूर ठेवा. जार खायला ते पुढे येतं, आई बिथरते आणि ओलं करडू पायाखाली येतं.

खिळ्यांचा पट्टा धनगर घालतात तो शोभेसाठी नव्हे. हल्ला मानेवर होतो, म्हणून तीन बोटं रुंद चामडं आणि टोकं बाहेर. आतली बाजू आठवड्याला तपासा, तिथे गोचीड आणि जखमा दडतात.

राहिलं आरोग्य, आणि इथे शेळ्या-मेंढ्यांचा जीवही गुंतलेला आहे. मेलेल्या मेंढीचं डोकं, काळीज, फुप्फुस कुत्र्याला कच्चं टाकू नका. डोक्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि पुढची मेंढी गोल गोल फिरायला लागते. काळीज-फुप्फुसातल्या गाठींतूनही कुत्र्याला असाच जंत होतो, आणि त्याची अंडी पोटात गेली तर माणसालाही तशा गाठी होतात. दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी द्या. मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 25 किलोच्या कुत्र्याला 125 मिलिग्रॅम. मेंढ्यांचं औषध अंदाजाने कुत्र्याला पाजू नका. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढे वेळच्या वेळी बूस्टर. मोकाट कुत्र्यांशी याची गाठ पडणारच आहे. चावा झाला तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, लस आधी दिलेली असली तरी. धुताना हातमोजे घाला, आणि चुकून लाळ तुमच्या जखमेला लागली तर तुम्हीही डॉक्टरांकडे जा.

नसबंदी करून घ्या. माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला राखण्या दोन-दोन दिवस परत येत नाही, आणि त्या दोन रात्री कळप उघडा असतो.